बारा तारीख, शनिवार

त्याने मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "आज तारीख काय?" आणि मी त्याला चुकीची सांगितली.

आमच्या कचेरीच्या जिन्यात तो उभा होता. काखेत गळकी छत्री, एक पाय वरच्या पायरीवर, गुडघ्यावर अर्ज. अवकाळी पावसाने केस कपाळाला चिकटलेले आणि पेनचं टोपण दातात धरलेलं, त्यामुळे प्रश्नही अर्धवटच ऐकू आला. मी घाईत होते. तारीख सांगितली, त्याच्या छत्रीखालचं तळं ओलांडून वर गेले. जरा वेळाने मालकांच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. अर्जावर कालची तारीख पडली होती.

"जिन्यात कुणाला विचारलीत का?" मालक त्याला म्हणत होते. "मग बरोबर आहे. इथे कुणालाही तारीख विचारायची नाही. कॅलेंडरवाले आहोत आम्ही."

तो बाहेर आला तेव्हा मी मान खाली घालून कागद चाळायचं नाटक करत होते. तो माझ्या टेबलाशी थांबला. नुसतं पाहिलं... आणि ते टोपण अजून दातातच होतं. मला हसू फुटलं. घात झाला तो तिथेच.

आता हे कालच्या तारखेचं प्रकरण कळायचं तर आधी आमची कचेरी कळायला हवी. आम्ही रोज एक पान फाडायची कॅलेंडरं काढायचो. पानाच्या पुढच्या बाजूला तारीख आणि वार, मागे चार ओळींचं एक नवल, म्हणजे ऐकून खोटं वाटेल पण खरोखर घडलेलं असं काहीतरी. कुठल्याशा शहरात लोक दिवसच्या दिवस नाचत सुटले आणि कुणाला थांबताच येईना. कुठल्याशा बंदरात काकवीची टाकी फुटली, गल्लीबोळांत पूर आला आणि त्यात माणसं गेली. वर्षभर पुरतील एवढी नवलं शोधून लिहिणं हे माझं काम. मालकांचा एक हट्ट होता. जानेवारी लागला की कचेरीच्या भिंतीवरून चालू वर्ष खाली उतरायचं आणि पुढच्या वर्षाचं नमुना कॅलेंडर, सगळा महिना एका तक्त्यावर मांडलेलं, वर चढायचं. हाताला पुढच्या वर्षाची सवय हवी, असं ते म्हणायचे. त्यामुळे आमचा वार बरोबर असायचा आणि तारीख एकाने मागे. घरीही तीच तऱ्हा, कारण रद्द झालेले नमुने मी घरी न्यायचे. आईने त्यावर आपला तोडगा काढला होता. ती वार बघायची, तारखेत एक मिळवायची आणि मला चार शब्द सुनावायची.

तो आला होता पडताळणीसाठी. मी लिहिलेलं प्रत्येक नवल त्याच्याकडे जायचं आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन साक्षी मिळाल्याशिवाय तो ते पुढे सोडायचा नाही. साक्ष म्हणजे जुनं वर्तमानपत्र, दप्तर, नाहीतर पाहिलेला माणूस. पटलं की समासात लाल पेन्सिलीने लिहायचा, 'पाहिले.' महिन्याभरात कचेरीने त्याचं नाव 'पुरावा' ठेवलं. माझं 'नवलबाई' आधीपासूनच होतं.

आमचं पहिलं भांडण दोन सैन्यांवरून झालं. दोन मित्रदेशांनी अमुक तारखेला एकत्र येऊन लढायचं ठरवलं, पण एकाची कालगणना जुनी, दुसऱ्याची नवी. जुन्या कालगणनेचं सैन्य आपल्या हिशोबाने अगदी वेळेवर पोचलं, तोवर लढाई हरून झाली होती. मी हे फार जीव ओतून लिहिलं होतं. त्याने सरळ काट मारली. गोष्ट सगळीकडे आहे, म्हणाला, पुरावा कुठेच नाही.

"पण किती सुंदर आहे," मी म्हणाले.

"म्हणूनच शंका येते. तारीख ठरवताना माणसं विचारतात, कुठली तारीख. इतकी वेंधळी माणसं नसतात हो."

"तुम्ही मला अजून ओळखत नाही."

"जिन्यात ओळख झाली की," तो कागदातून मान वर न काढता म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

त्या नवलाच्या बदल्यात त्याने मला दुसरं आणून दिलं. फार पूर्वी काही देशांतले लोक एका गुरुवारी चार तारखेला झोपले आणि शुक्रवारी उठले ते पंधरा तारखेला. कालगणना सुधारायची म्हणून मधले दहा दिवस रद्द करून टाकले होते. वार मात्र कुणी हलवला नाही, गुरुवारनंतर शुक्रवारच आला. मी विचारलं, मग त्या दहा दिवसांत ज्यांनी भेटायचं ठरवलं होतं त्यांचं काय झालं? त्याने थोडा विचार केला. याला काही पुरावा नाही, म्हणाला... आणि मग हळूच, "पण वाईट वाटलं असेल."

त्यानंतर मी एखादं नवल मुद्दाम लंगडं लिहू लागले. साक्ष एकच द्यायची, नाहीतर साल चुकवायचं. म्हणजे मग तो खुर्ची सरकवून माझ्या टेबलाशी यायचा, वाकून कागदावर बोट ठेवायचा आणि त्याच्या बाहीला पेन्सिलीच्या लाकडाचा वास यायचा. त्यालाही हे कळत असावं. कारण एकदा अगदी बिनचूक नवल दिलं, तर तेही घेऊन आला. यात काही चूक नाही, असं सांगायला. आणि सांगून झाल्यावरही उभाच राहिला.

पावसाळ्याच्या तोंडाशी मी एका सैनिकाचं नवल लिहिलं. युद्ध संपलं हे त्याला कुणी पटवूच शकलं नाही. तो एकोणतीस वर्षं जंगलात आपली जागा धरून बसला. युद्ध संपल्याची पत्रकं विमानातून टाकली, ती त्याने शत्रूचा डाव समजून खोटी ठरवली. शेवटी त्याचा जुना अधिकारी, जो तोवर पुस्तकं विकायला लागला होता, तिथे गेला आणि त्याने समोर उभं राहून हुकूम वाचला, तेव्हा कुठे याने बंदूक खाली ठेवली. याच्या ढीगभर साक्षी होत्या. तरी तो कागद त्याच्या टेबलावर संध्याकाळपर्यंत पडून होता.

मी विचारायला गेले तेव्हा तो खिडकीशी उभा होता. "मी पण तसाच आहे," तो म्हणाला. "मला कुठल्याही पत्रकावर विश्वास बसत नाही. तुला माहीत असलेलं बरं."

इतके दिवस आम्ही 'अहो-जाहो' करत होतो. 'तू' कधी झालं, कुणी केलं ते कळलं नाही, आणि कुणी हरकतही घेतली नाही. मी म्हणाले, मग तुला पटवायचं कसं? तो हसला. "दोन साक्षी लागतात. नियम तुला पाठ आहे."

घरी गेल्यावर आईने विचारलं, ताप आहे का? मी नाही म्हणाले. मग मला पिठाच्या डब्यात साखर ओतताना बघून तिने पुन्हा काही विचारलं नाही.

आमच्याकडची त्याची नोकरी हंगामी आहे हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि हुकूम हातात पडणं यात फरक असतो. जुलैच्या शेवटी हुकूम आला. समुद्रातल्या एका बेटावर हवामान केंद्र होतं, तिथे पाऊस आणि वारा मोजायचा. आठवड्याला एक बोट, फोन नाही. कुठेतरी तेच हवं होतं त्याला. सगळी पानं आधीच वाचून झालेली असतात याचा त्याला कंटाळा आला होता. निदान एखादं तरी वर्ष असं हवं, म्हणायचा, की सकाळी चहाबरोबर पान फाडावं आणि मागचं नवल आपल्याला माहीत नसावं. पुढचं पान आधी उलटून बघायचं नाही, हे त्याने आत्ताच ठरवून टाकलं होतं.

शेवटच्या दिवशी सगळे घरी गेल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. हातात लाल पेन्सिल होती, तिला टोक होतं, तरी तो ती तासत होता.

"बारा तारखेला संध्याकाळची गाडी आहे," तो म्हणाला. "फलाटावर मोठ्या घड्याळाखाली बाक आहे बघ. मी तिथे असेन. तू आलीस तर —"

"आले तर?"

"तर पुढचं बोलेन. नाही आलीस, तर तेही उत्तरच झालं. फक्त मग समजूत घालणारं पत्र पाठवू नकोस. तसली पत्रं मला वाचवत नाहीत."

मी मान वर केली. त्याच्या खांद्यामागे भिंतीवर नमुना कॅलेंडर होतं. ऑगस्ट, बारा, शनिवार. शनिवारी अर्धा दिवस, म्हणजे केस धुवायला वेळ मिळेल. खरं सांगते, माझ्या डोक्यात तेवढंच आलं. तोंडाने मी फक्त "बरं" म्हणाले. आणि त्या क्षणापासून मी शनिवार धरून ठेवला, तारीख सोडून दिली. तो दुसऱ्या दिवशी सामान बांधायला बहिणीकडे गेला.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी संध्याकाळी उशिरापर्यंत कचेरीत होते. पुढच्या वर्षाचा डिसेंबर लिहीत होते आणि गुणगुणत होते.

शनिवारी मी निळा ड्रेस घातला. आईने काही न विचारता मागची बटणं लावली. फलाटावर पोचले तेव्हा गाडी लागायची होती, बाक रिकामा होता. मी बसले. सोमवारी आपण कुठल्या तोंडाने कचेरीत जाऊ आणि आपल्या तोंडावर सगळं लिहिलेलं असेल, याचीच गोड काळजी करत होते. गाडी आली. माणसं चढली. गाडी गेली. मी बसूनच राहिले.

समोर पेपरवाल्या मावशींची टपरी होती. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "कुणाची वाट बघतेस ग? कालही एक जण असाच बसला होता. त्याच बाकावर, गाडी सुटेपर्यंत. पेन्सिल तासत होता, सगळा कचरा मला झाडावा लागला."

मी त्यांच्या पुढ्यातला पेपर उचलला. वरच्या कोपऱ्यात तारीख होती, तेरा.

बाकाखाली, मावशींच्या झाडूतून सुटलेली लाल साल अजून एक-दोन ठिकाणी होती. मी ती वेचली. तिथे बसून मी रडले, आणि रडताना मध्येच हसले, कारण इतकी वेंधळी माणसं नसतात असं तो म्हणाला होता.

पत्र नको म्हणाला होता, तरी मी लिहिलं. सगळं लिहिलं, भिंत, वार, केस धुणं, सगळं. पुढच्या बोटीने ते परत आलं, न फोडता. पाकिटावर माझा पत्ता त्याच्या अक्षरात होता. मी दुसरं लिहिलं नाही. त्याच्या लेखी लढाई संपली होती आणि मी टाकत होते ती पत्रकं होती. बेटावर बाहेरच्यांना जाऊ देत नव्हते, नाहीतर पोहत गेले असते. पोहता येत नाही ही गोष्ट वेगळी.

भिंतीवरच्या त्या ऑगस्टकडे मी रोज बघायचे. बारा, शनिवार. एका दुपारी बघता बघता लक्षात आलं की ही भिंत खोटं बोलतच नाहीये. बारा तारखेला शनिवार येणारच होता, पुढच्या वर्षी. आणि असं एकच टपाल होतं जे तो परत पाठवणार नाही. मालक दरवर्षी कचेरीतल्या जुन्या माणसांना कॅलेंडर पाठवायचे.

मी नवल लिहिलं आणि मालकांपुढे ठेवलं. नवा पडताळणीवाला मिळेपर्यंत ते काम तेच करत होते. त्यांनी चष्मा वर करून वाचलं:

'एका कॅलेंडर कचेरीतल्या मुलीने एकाला निरोप द्यायला बारा तारखेला यायचं ठरवलं. तिच्या भिंतीवर पुढचं वर्ष होतं, म्हणून ती शनिवारी गेली. तो शुक्रवारीच वाट बघून गेला होता. यंदा बारा ऑगस्टला शनिवारच आहे. ती त्याच बाकावर असेल.'

"हे जुलैच्या मधल्या पानावर का?" त्यांनी विचारलं.

बोट आठवड्याला एकच आहे आणि सरकारी रजा मिळायला वेळ लागतो, असं मी सांगितलं. त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. भिंतीचा हट्ट त्यांचाच होता, त्यामुळे त्यांनाही जरा अपराधी वाटत असावं.

"साक्षी?"

"पेपरवाल्या मावशी. त्यांनी दोघांनाही पाहिलंय."

"दुसरी?"

"दुसरी साक्ष बारा तारखेला येईल."

"आणि नाही आली तर?"

"तर वर्षाच्या शेवटच्या पानावर चूकदुरुस्ती छापा," मी म्हणाले. तशी आमची पद्धतच होती. वर्षभरात कुठलं नवल खोटं निघालं तर एकतीस डिसेंबरच्या पानामागे त्याची कबुली द्यायची. मालकांनी लाल पेन्सिल उचलली, समासाशी नेली आणि परत ठेवली. 'पाहिले' न लिहिता छापायला गेलेलं ते आमचं पहिलं नवल.

मग वाट बघणं सुरू झालं. कॅलेंडरं दुकानांत गेली, घराघरांत लागली. मी पहिल्यांदाच हट्टाने चालू वर्षाचं कॅलेंडर घरात लावलं, आणि आई सवयीने तारखेत एक मिळवून माझ्या सख्ख्या मावशीच्या वाढदिवसाला आदल्या दिवशीच जाऊन आली. तो सकाळी चहा घेऊन पान फाडत असेल, या विचाराने मीही सकाळी चहा घेऊन पान फाडायचे. एवढंच काय ते आमचं बोलणं. पाऊस पडला की वाटायचं, हा त्याने मोजला असेल का? त्याच्या बेटावरचा पाऊस वेगळा, हे कळण्याइतकं भान होतं. पण वाटायचं.

जुलैतलं ते पान उलटलं आणि कचेरीत फोन सुरू झाले. तो आला का? नाही, अजून बारा तारीख यायची आहे. पण येणार ना? मालक फोनवर शांतपणे सांगायचे, पडताळणी चालू आहे. बेटावरून मात्र काही आलं नाही. बोट आली, गेली, पुन्हा आली. टपालात माझ्यासाठी काही नव्हतं.

बारा तारखेला सकाळी मी आईला तारीख विचारली. मग शेजारणीला विचारली. मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराला. निळा ड्रेस घातला आणि अर्धा दिवस संपायच्या आतच निघाले.

फलाटावर बाक भरलेला होता. एक म्हातारं जोडपं आणि कॉलेजच्या दोन मुली, चौघंही घड्याळाकडे बघत आणि एकमेकांना कोपराने ढोसत. कॅलेंडर वाचूनच आले होते, दुसरं काय. मी सगळ्यांची तोंडं पाहिली. तो नव्हता. मावशींच्या टपरीवर गेले आणि आधी पेपर उचलला. बारा. शनिवार.

मावशींनी मला ओळखलं. "आलीस का?" त्या म्हणाल्या. "काल एक जण येऊन बसला होता बघ. त्याच बाकावर, गाडी सुटेपर्यंत."

मी टपरीची फळी धरली. म्हणजे पुन्हा... पुन्हा शुक्रवार. मी काय करू आता या वारांचं?

"अग, ऐक तरी," मावशी म्हणाल्या. "आजही आलाय. बाकावर जागा नाही म्हणून तिकडे नळाशी उभा आहे."

तो नळाशी उभा होता. वाऱ्याने रापलेला, केस वाढलेले, पेन्सिलीचं मागचं टोक दातात. माझ्याकडे बघत होता, बहुतेक मी आल्यापासून. मी चालत गेले. धावायचं नाही असं ठरवलं होतं.

"काल पण आला होतास?"

"तुझा काय भरवसा," तो म्हणाला.

मग सांगू लागला. पत्र परत पाठवलं आणि बोट दिसेनाशी झाली, तेव्हा त्याला जिन्यातली तारीख आठवली. रात्रभर वाटत राहिलं की तसंच झालं असेल. पण जे खरं असावं असं आपल्याला वाटतं त्याचाच पुरावा आपण उगाच तयार करतो, हे त्याला कामावरून माहीत होतं, म्हणून गप्प बसला. वर्षभर गप्प बसला. जुलैतलं पान फाडलं तेव्हा चहा सांडला. उत्तर मुद्दाम पाठवलं नाही. समोर येऊन सांगायचं होतं.

त्याने खिशातून ते पान काढलं. मऊ पडलं होतं, घडीवर विरलं होतं. चहाचा डाग होता, आणि समासात लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पाहिले.'

"मी एक दिवस उशिरा आले नव्हते," मी म्हणाले. बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एवढंच आठवलं. "मी एक वर्ष लवकर आले होते."

"माझ्या लक्षात आलं."

"मागच्या वर्षी तू पुढचं बोलणार होतास."

गाडी लागत होती. कुणीतरी हमाल आमच्या मधून पेटी घेऊन गेला, तेवढा वेळ तो थांबला. मग म्हणाला, पाऊस मोजतो, वारा मोजतो, सगळं लिहून ठेवतो आणि कुणाला सांगू असं दिवसभर वाटतं, आणि ते कुणी म्हणजे तूच असतेस. "मला तू हवी आहेस. बस, एवढंच पुढचं होतं. आठ दिवसांची रजा आहे. तेवढ्यात तुझ्या आईला भेटता येईल?"

मी नुसती मान हलवली, होय की नाही ते त्याला कळलं नसावं, कारण तो घाबरला. मग माझा हात हातात घेतला. त्याची बोटं थंड होती, लाल पेन्सिलीची भुकटी माझ्या तळव्याला लागली.

"आज तारीख काय?" त्याने विचारलं.

"बारा," मी म्हणाले. "शनिवार."

बाकावरची चौघं माणसं सरकली आणि त्यांनी आम्हाला बसायला जागा करून दिली.